जोड खातं आणि ओव्हरड्राफ्ट: उणे शिलकीचा मालक कोण?

मागच्या काही भागांत आपण पेन्शन, नॉमिनी आणि मुदत ठेवी यांच्याबद्दल बोललो. आजचा विषय त्यांच्या शेजारचाच आहे, पण घराघरांत तो बोलला जात नाही. नवरा-बायकोचं, बाप-लेकाचं किंवा दोन भावांचं एकत्र खातं असतं आणि त्या खात्यावर ओव्हरड्राफ्ट असतो. बँकेत त्याला नुसतं ‘ओडी’ म्हणतात. हा ओडी वापरायचा कसा, कोणी वापरला तर कोणी फेडायचा, आणि दोघांपैकी एक उद्या नसला तर काय होतं, हे आज पाहू.

मी राहतो आनेकलला, बंगळुरूच्या दक्षिण टोकाला. चंदापुरापासून आनेकलपर्यंतच्या रस्त्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत इतक्या सोसायट्या उभ्या राहिल्या की निवृत्त फौजी, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी मराठी मुलं आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आई-वडील, अशी बरीच मंडळी इथे भेटतात. एका बाजूला गावातले रेशमाचे जुने माग, दुसऱ्या बाजूला जिगणी आणि बोम्मसंद्रचे कारखाने. या तिन्ही प्रकारच्या घरांत जोड खाती आहेत आणि तिन्हींकडे ओडीचा उपयोग वेगळा आहे. फौजी पेन्शनवाला तो अडीअडचणीला ठेवतो, नोकरीवाला घराच्या हप्त्यात आणि पगाराच्या तारखेत पडणारं अंतर भरायला वापरतो, आणि वर्कशॉपवाला भाऊ त्याच्यावर कच्चा माल घेतो. नियम मात्र तिघांना जवळजवळ एकच.

आधी ओडी म्हणजे काय ते साध्या शब्दांत. तुमच्या खात्यात पैसे असतात तोवर बँक तुमची देणेकरी असते. खातं शून्याच्या खाली गेलं की तुम्ही बँकेचे देणेकरी होता. बँक आधीच लिहून देते की अमुक रकमेपर्यंत खाली जायला आमची हरकत नाही. ती रक्कम म्हणजे तुमची मर्यादा. तुम्ही जेवढी उचल कराल तेवढ्यावरच, आणि जेवढे दिवस ठेवाल तेवढ्याच दिवसांचं व्याज. ही कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडच्या रॉयल बँकेने 1728 मध्ये एडिनबर्गच्या एका व्यापाऱ्याला अशी एक हजार पौंडांची सवलत दिली, तिथून ओव्हरड्राफ्टचा इतिहास सांगितला जातो. आपल्याकडे जन धन खात्यालाही आज 10,000 रुपयांपर्यंत ओडी मिळू शकतो. 2018 पूर्वी ती मर्यादा 5,000 होती. तो एका कुटुंबात एकालाच मिळतो आणि शक्यतो घरातल्या बाईला.

एक गोष्ट इथेच मोकळी करतो. बचत खात्यात किमान शिलक नसल्याचा दंड कापून कापून खातं उणे झालं, तर तो ओव्हरड्राफ्ट नव्हे. केवळ त्या दंडामुळे बचत खातं उणे होऊ द्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2014 मध्ये बँकांना कळवलं आणि एप्रिल 2015 पासून ते लागू आहे. तुमचं बंद पडलेलं जुनं पगार खातं उणे दाखवत असेल तर मुकाट्याने भरू नका, आधी लेखी विचारा.

आता मुख्य मुद्दा. जोड खातं उघडताना आपण फॉर्मवर एक खूण करतो: ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो. बहुतेकांची समजूत अशी की या खुणेमुळे दोघांना सगळं काही करता येतं. तसं नाही. ती खूण बँकेला एवढंच सांगते की खात्यातले आमचे पैसे द्यायचे झाले तर दोघांपैकी कोणाच्याही सहीवर द्या. कर्ज काढायचा अधिकार त्या खुणेत नाही. म्हणून ओडी मंजूर करताना बँक सगळ्या खातेदारांच्या सह्या घेते, आणि घ्यायलाच हव्यात.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा 2004 चा एक निकाल आहे, पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणातला. पती-पत्नीच्या नावावर जोड मुदत ठेव होती, खूण ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’चीच. पतीने ती एका कर्जासाठी तारण दिली, पत्नीची संमती नव्हती. कर्ज थकल्यावर बँकेने ठेव वळती करून घेतली. न्यायालयाने सांगितलं की ती खूण पैसे कोणाला द्यायचे एवढ्यापुरती आहे. ठेव दोघांची, तर ती एकट्याच्या सहीने तारण पडत नाही. माझ्या मते हा निकाल प्रत्येक घरात माहीत असायला हवा, विशेषतः ज्या घरात ‘बँकेचं सगळं हेच बघतात’ असं बायका सांगतात त्या घरांत.

पण नाण्याची दुसरी बाजू कडक आहे. एकदा दोघांनी ओडीच्या कागदावर सही केली की मग उचल कोणी केली हे बँक विचारत नाही. भारतीय करार कायदा, 1872, कलम 43 बघा. दोघांनी मिळून दिलेलं वचन असेल तर घेणेकरी दोघांपैकी कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. निम्मी निम्मी नव्हे, पूर्ण. ज्याने भरली त्याने मग दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करावा, तो तुमचा आपसातला मामला. मुलाने वडिलांबरोबरच्या ओडीतून चार लाख उचलले आणि नोकरी गेली, तर बँक निवृत्त वडिलांना चार लाखांसाठी पत्र पाठवू शकते. ‘मी तर एक रुपयाही काढला नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही. शिवाय थकबाकीची नोंद दोघांच्याही सिबिल अहवालात जाते.

चेकची गोष्ट जरा वेगळी आहे आणि लोक इथे गोंधळतात. जोड खात्याचा चेक परत गेला तर कलम 138 खाली फौजदारी खटला ज्याने चेकवर सही केली त्याच्यावर चालतो. सही न केलेल्या जोड खातेदाराला त्यात ओढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे बाउन्स झालेल्या चेकची शिक्षा सही करणाऱ्याला, पण ओडीचं देणं दोघांचं. या दोन गोष्टी मनात वेगवेगळ्या ठेवा.

आता खर्चाचा हिशेब, कारण ओडी स्वस्त की महाग हे त्याच्या मागे काय तारण आहे त्यावर ठरतं. समजा तुमची आणि पत्नीची सहा लाखांची जोड मुदत ठेव आहे, व्याज 7 टक्के. तिच्यावर बँकेने ओडी दिला. सर्वसाधारणपणे अशा ओडीचं व्याज ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त असतं, म्हणजे 8 टक्के धरू. घरात कोणाचं ऑपरेशन निघालं, विम्याचे पैसे यायला वेळ आहे, तुम्ही दोन लाख उचलले आणि 45 दिवसांनी भरले. व्याज झालं 2,00,000 गुणिले 8 टक्के गुणिले 45 भागिले 365, म्हणजे सुमारे 1,973 रुपये. त्याच 45 दिवसांत ठेवीतल्या त्या दोन लाखांवर तुम्हाला 1,726 रुपये मिळत राहिलेच. म्हणजे खरा खर्च अडीचशे रुपयांच्या आत. त्याऐवजी वर्ष झालेली ठेव मोडली असती आणि बँकेने मुदतीआधी मोडल्याबद्दल एक टक्का कापला असता, तर सहा लाखांवर सहा हजार गेले असते. आपल्या आजोबांच्या पिढीत पतसंस्थेत ‘ठेवीवर उचल’ म्हणत ती हीच.

मात्र ठेवीवरचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जातंच, ओडी असो वा नसो. आणि घरखर्चासाठी काढलेल्या ओडीचं व्याज त्यातून वजा मिळत नाही. हा करातला फरक वरच्या अडीचशेत धरलेला नाही.

बिनतारण ओडी मात्र वेगळा प्राणी आहे. पगार खात्यावर किंवा पेन्शनवर मिळतो तो. त्याचा दर बराच जास्त असतो. व्याज रोजच्या शिलकीवर मोजून महिन्याच्या शेवटी खात्यात नावे टाकलं जातं. तुम्ही ते भरलं नाही तर पुढच्या महिन्यात व्याजावर व्याज. हप्ता ठरलेला नसतो, त्यामुळे कोणी आठवण करून देत नाही. हप्त्याच्या कर्जात दर महिन्याला मुद्दल थोडं थोडं कमी होतंच. ओडीत माणूस दोन-दोन वर्षं मर्यादेच्या तळाशी बसून राहतो आणि त्याला वाटतं आपलं ठीक चाललंय. 90 दिवसांच्या काळात खात्यात लागलेलं व्याजही भरलं जाईल इतकी रक्कम जमा झाली नाही, किंवा खातं सलग 90 दिवस मर्यादेच्या बाहेर राहिलं, तर बँकेच्या पुस्तकात ते अनियमित ठरतं आणि अनुत्पादित कर्जात जातं. दंडाबाबत एक दिलासा आहे: रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या सूचनेनुसार बँकांना दंड व्याजदरात मिसळता येत नाही, तो वेगळा आकार म्हणून लावावा लागतो आणि त्या आकारावर पुन्हा व्याज नाही. एप्रिल 2024 पासूनच्या कर्जांना हे लागू झालं. स्टेटमेंटमध्ये तसं दिसतंय का ते पाहा.

दोघांच्या ओडीची खरी अडचण अशी की मर्यादा एक आणि हात दोन. पूर्वी एक चेकबुक असायचं, ते कपाटात असायचं. आता दोन डेबिट कार्डं, दोन फोन, दोन यूपीआय. सप्टेंबर 2023 पासून तर मंजूर कर्जमर्यादाही यूपीआयला जोडायची परवानगी आहे. नवरा चंदापुरात गाडीचे टायर बदलतो, बायको त्याच वेळी नातवाच्या शाळेची फी भरते, आणि दोघांनाही फोनवर ‘उपलब्ध रक्कम’ भरघोस दिसते. कारण बरीच ॲप ‘उपलब्ध’ या शब्दाखाली तुमची शिलक आणि बँकेची मर्यादा एकत्र करून दाखवतात. दीड लाख उपलब्ध दिसले तर त्यातले तुमचे किती आणि बँकेचे किती हे बघायची सवय दोघांनाही लागली पाहिजे.

आमच्या फौजेत दारूगोळ्याचा एक राखीव साठा असायचा. कागदावर तो असतो, पण हुकमाशिवाय त्याला हात लागत नाही. ओडीला मी तसंच धरतो. बँकेने पाच लाखांची मर्यादा दिली असेल तर घरात दोघांनी बसून आपली आतली हद्द ठरवावी, समजा दीड लाख. त्याच्या खाली जायचं तर दुसऱ्याला आधी फोन. विचारायला, परवानगी मागायला नव्हे, कळवायला. शब्दाचा फरक आहे, पण घरात त्यावरूनच भांडणं होतात. आणि मर्यादा गरजेपेक्षा जास्त असेल तर बँकेला लिहून ती कमी करून घ्या. बँकेचा माणूस आश्चर्याने बघेल, बघू दे.

एसएमएसचं आजच तपासा. बऱ्याच जोड खात्यांत संदेश पहिल्या खातेदाराच्याच नंबरवर जातात. दुसऱ्याचाही नंबर आणि ईमेल नोंदवता येतो का विचारा. येत नसेल तर दुसऱ्याच्या फोनवर निदान बँकेचं ॲप असू द्या. फील्ड एरियात पोस्टिंग असताना आमच्या पिढीच्या बायकांनी सही केलेल्या कोऱ्या चेकांवर घरं चालवली आहेत; खात्यात किती आहे हे त्यांना पत्र आल्यावर कळायचं. आता तसं राहायचं कारण उरलेलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा भाग मुद्दाम केला ती. पेन्शनचं खातं. संरक्षण खात्याची पेन्शन आता स्पर्श प्रणालीतून महिन्याच्या अखेरीस जमा होते, आणि बहुतेक पेन्शन खाती पत्नीबरोबर जोड असतात. हे चांगलंच आहे, कारण पेन्शनर गेल्यावर कुटुंब पेन्शन त्याच खात्यात सुरू राहू शकते, नवं खातं उघडावं लागत नाही. पण त्याच खात्यावर ओडी असेल तर काय होईल ते पाहा. शेवटचं वेतन एक लाख धरलं तर पेन्शन 50 टक्के, म्हणजे 50,000. साधी कुटुंब पेन्शन 30 टक्के, म्हणजे 30,000. महागाई भत्ता दोन्हीवर वेगळा. वाढीव दराची सवलत आहे, पण निवृत्ताच्या बाबतीत ती सात वर्षं किंवा तो 67 वर्षांचा झाला असता ती तारीख, यांत जे आधी येईल तोपर्यंतच. म्हणजे सत्तरीत माणूस गेला तर घरातलं उत्पन्न पहिल्याच महिन्यापासून पाच हिश्श्यांवरून तीन हिश्श्यांवर येतं. ओडी मात्र पन्नास हजारांच्या पेन्शनकडे बघून काढलेला. खातं उणे चार लाख असेल तर त्या बाईची पहिली कुटुंब पेन्शन जमा होते ती खड्ड्यात. तिला कार्ड घातल्यावर पैसे मिळतील की नाही, हे बँकेने मर्यादा चालू ठेवली की गोठवली यावर अवलंबून.

आणि बँक बहुधा गोठवतेच. त्यामागे दोनशे वर्षांपूर्वीचं कारण आहे. 1816 मध्ये इंग्लंडमध्ये एका खटल्यात ठरलं की चालू राहणाऱ्या खात्यात जी रक्कम नंतर जमा होते ती आधीच्या सगळ्यांत जुन्या नावे नोंदीला फेडते. ‘क्लेटनचा नियम’ म्हणून बँकेच्या परीक्षांत तो अजून शिकवतात. एक खातेदार गेल्यावर खातं तसंच चालू ठेवलं तर नंतर जमा होणाऱ्या पैशांनी त्याचं जुनं देणं फिटत जातं आणि नवी उचल फक्त हयात असलेल्याच्या नावावर चढते. मृताच्या मिळकतीवरचा आपला हक्क जाऊ नये म्हणून बँक त्या दिवशी रेघ मारते. बँकेच्या बाजूने ते बरोबर आहे. पण ती रेघ तेराव्याच्या आत पडते आणि घरात गॅसचे पैसे नसतात.

काही जण मला पेन्शन कायद्याचा दाखला देतात की पेन्शनवर जप्ती येत नाही. 1871 च्या कायद्यातलं कलम 11 हे सावकाराने कोर्टाकरवी आणलेल्या जप्तीपासून संरक्षण देतं. तुम्ही स्वतः सही करून ज्या खात्यावर ओडी घेतला त्याच खात्यात पेन्शन जमा होत असेल, तर त्या कलमावर विसंबून राहू नये.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पेन्शनच्या खात्यावर ओडी घेऊ नका. ओडी हवाच असेल तर मुदत ठेवीवर, वेगळ्या खात्यात घ्या. म्हणजे वेळ आलीच तर ठेवीतून देणं वळतं होईल आणि पेन्शनचं खातं मोकळं राहील. आधीच घेतला असेल तर एकदम बंद होणार नाही हे मला कळतं. दर महिन्याला पेन्शन जमा झाल्यावर मर्यादाच दहा हजारांनी कमी करायचा अर्ज द्या, किंवा ठरलेल्या हप्त्याच्या कर्जात ते वळवून मागा. नुसतं ‘कमी वापरू’ असं ठरवून ओडी कमी होताना मी फारसा पाहिलेला नाही.

वारसांच्या बाबतीत एक वाक्य: मृताचं देणं त्याच्या वारसांवर येतं ते त्यांना मिळालेल्या मिळकतीपुरतंच. वसुलीवाला मुलाला फोन करून ‘बापाचं कर्ज तुझ्या पगारातून भर’ म्हणत असेल आणि मुलगा त्या कर्जात सहकर्जदार किंवा जामीन नसेल, तर ते खरं नाही. पत्नी जोड खातेदार म्हणून सही करून बसलेली असेल तर मात्र तिचं देणं तिचं स्वतःचं आहे.

भांडण झालं तर? भाऊ-भाऊ, नवरा-बायको, काहीही. कोणताही एक खातेदार बँकेला लेखी कळवून ‘कोणाही एकाच्या सहीवर’ चाललेला व्यवहार थांबवू शकतो. त्यानंतर सगळ्यांच्या सह्या लागतात. हे पत्र शाखेत हातोहात द्या, पोच घ्या, तारीख आणि वेळ घाला, आणि त्या दिवसाचं स्टेटमेंट काढून ठेवा. तोपर्यंतचं देणं यातून सुटत नाही, पण त्याच्या पुढचं वाढणं थांबतं. आपसात समजुतीचा कागद केला की ‘माझं नाव कर्जातून गेलं’ असं समजू नका. बँकेने लेखी मान्य केल्याशिवाय ते जात नाही.

इथल्या शाखांत आपल्या मराठी मंडळींना, त्यातून बायकांना, भाषेची अडचण येते. काउंटरवर कन्नड किंवा इंग्रजी चालतं. तोंडी समजावलेलं निम्मं कळतं. म्हणून मी सांगतो, अर्ज हिंदीत लिहा, हरकत नाही, पण लिहा. मंजुरीचं पत्र मागून घ्या. त्यात मर्यादा, दर, नूतनीकरणाची तारीख आणि तारण या चार गोष्टी असतात. लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. 14448 हा माहितीचा फोन नंबर आहे.

शेवटी ओडी बंद करण्याबद्दल, कारण अर्धे लोक इथे चुकतात. पूर्ण पैसे भरले म्हणजे ओडी बंद झाला असं नाही. मर्यादा तशीच उघडी राहते आणि ठेवीवर बँकेचा बोजाही राहतो. दोघांच्या सहीने बंद करण्याचा अर्ज द्या, ऑटो-डेबिट आधी दुसऱ्या खात्यावर हलवा, त्या तारखेपर्यंतचं व्याज भरा, आणि ठेवीवरचा बोजा उतरल्याचं लेखी घ्या. दोन महिन्यांनी दोघांचे सिबिल अहवाल काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात ते खातं ‘क्लोज्ड’ दिसलं पाहिजे, आणि दोघांच्याही अहवालात दिसलं पाहिजे. एकात बंद आणि एकात चालू असेल तर शाखेत त्याच दिवशी पत्र द्या.